सुदामने लावलेलं औषध

अंबरनाथ पश्चिमेला, नाल्याच्या अलीकडच्या चाळीत, सुदाम पष्टेच्या घरात रिव्हेट नावाची एक कुत्री होती आणि तिच्या भरवशावर सुदाम रोज कामाला जात होता.

जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यात तांब्याची बारकी टिकली ठोकलेली असते, तिला रिव्हेट म्हणतात. सुदामची सगळी उमर जीन्सच्या कारखान्यांत गेलेली. सहा वर्षांपूर्वी कारखान्याच्या शेडमागे, कात्रणांच्या ढिगात हे काळं पिल्लू सापडलं. दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक तांबूस ठिपका. दुसरं नाव त्याला सुचलंच नाही.

"हे काय नाव?" विठा म्हणाली होती. "हाक मारताना दात पडतील माझे."

पण हाक मारायची तीच जास्त.

विठाला फिट यायची. तीन वर्षांपूर्वी तिला मेंदूत जाणारा ताप आला होता. ताप गेला आणि हे मागे ठेवून गेला. गोळ्या चालू होत्या, तरी महिन्या-दीड महिन्याने एखादी फिट यायचीच. एकदा सुदाम कामावर असताना ती मोरीत पडली. रिव्हेटने भुंकून चाळ डोक्यावर घेतली. शेजारची सुनंदा गायकवाड शिव्या द्यायला म्हणून आली आणि विठाला बघून तिथेच बसली. पुढच्या वेळी रिव्हेटने भुंकण्यात वेळ घालवला नाही. सरळ सुनंदाच्या दारात गेली आणि पंज्यांनी दार ओरबाडायला लागली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर प्रत्येक वेळी ती तशीच गेली.

मुलगी तेजस्वी सासरी, जुन्नरला. सुदामची ड्युटी बारा तासांची. बायकोला अशी एकटी सोडून कसा जातोस, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "एकटी कुठं? आमची मॅडम हाय ना घरी."

ही मॅडम म्हणजे रिव्हेट.

वैशाखातली गोष्ट. रेशनच्या दुकानात तांदूळ आल्याचं कळलं म्हणून विठा भर दुपारी एक वाजता निघाली. रिव्हेट अर्थातच मागे. चाळीच्या तोंडापासून दुकानापर्यंतचा रस्ता नुकताच काँक्रीटचा झालेला, झाड एकही नाही. रांग लांब होती. विठा छत्री घेऊन उभी राहिली आणि रिव्हेट तिच्या पायाशी, आलटून पालटून एकेक पाय उचलत. घरी आल्यावर ती पुढचे दोन्ही पंजे चाटत बसली. संध्याकाळी सुदामने पाय उलटा करून बघितला. पंज्याच्या काळ्या गाद्यांवर फोड आले होते, दोन फुटले होते, आणि बोटांच्या बेचक्यात लाल झालं होतं.

"भाजलं गं तिला," तो म्हणाला.

"मग मला कोण सांगणार? मी चप्पल घालून होते," विठा म्हणाली आणि तिचा चेहरा एवढासा झाला.

"बरं होईल. चाटून चाटून बरं करतात ही."

पण चाटून ते वाढलं. तिसऱ्या दिवशी रिव्हेट लंगडायला लागली. चौथ्या दिवशी सुनंदाच्या दारापर्यंत जायचं सोडा, ती खायलाही उठली नाही. थाळी तिच्यापुढे सरकवावी लागली. सुदाम कामावर निघाला, दारातून परत आला, पुन्हा निघाला. दिवसभर त्याचं लक्ष फोनकडे.

सुदामचं काम स्प्रेचं. नवी कोरी जीन्स मांडीवर नि गुडघ्यावर वापरल्यासारखी फिकी दिसावी म्हणून तिच्यावर एक जांभळं पाणी मारतात. कारखान्यात त्याला पीपी म्हणतात. जांभळ्या काळ्या खड्यांसारखा माल येतो, टाकीत घोळतात, त्यात थोडं ॲसिडही पडतं, आणि बंदुकीने कापडावर फवारतात. कापड आधी जांभळं होतं, मग तपकिरी पडतं. मग ते मेटा नावाच्या पांढऱ्या पावडरीच्या पाण्यात बुडवलं की तपकिरी रंग उडून जातो आणि खाली राहते ती गिऱ्हाइकाला हवी असलेली फिकी निळाई. सुदाम वीस वर्षं हे करत होता. उल्हासनगरात होता तोवर तिथे, आणि तिथली युनिटं बंद पडल्यावर वांगणीच्या अलीकडे, माळावर उभारलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. शेडला पाटी नव्हती. आत काय चालतं ते बाहेर बोलायचं नाही, एवढा एकच नियम तिथे सगळे पाळत.

या जांभळ्या पाण्याशी सुदामची ओळख मात्र कारखान्याच्याही आधीची. तो मुरबाडकडचा. लहानपणी गावात गुरांना लाळ्या-खुरकूत आली की गुरांचा डॉक्टर लाल पुडी द्यायचा. घमेल्यात पाणी घेऊन बाप त्यात पुडीतले चार दाणे टाकायचा. पाणी गुलाबी व्हायचं आणि बैलांचे खूर त्यात बुडवून ठेवायचे. खुरांतले किडे मरायचे, आठवड्यात बैल चालायला लागायचे. शाळेत गुडघा फुटला तरी मास्तर तेच लावत. पुढे कारखान्यात पहिल्या दिवशी टाकीचं झाकण उघडलं तेव्हा सुदामला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं. हे तर आपलं लाल औषध! एवढी टाकी भरून!

पाचव्या दिवशी तो शेडवरून निघताना पाण्याच्या रिकाम्या बाटलीत टाकीतलं पाणी घेऊन आला.

"काय ते?" विठाने विचारलं.

"लाल पुडीचं पाणी. आबा बैलांना लावायचे ते. दोन दिवसांत बघ."

त्याने घमेलं घेतलं, बाटली ओतली, वर दोन तांबे साधं पाणी घातलं. किती घालायचं हे त्याला कुणाला विचारावं लागत नव्हतं. कुठल्या कापडाला किती कडक पीपी लागतं हे तो नुसत्या नजरेने सांगायचा. सुपरवायझर राजू त्याला मामा म्हणायचा आणि नव्या माणसांना सांगायचा, "मामा की आँख देखो, मीटर है मीटर." सुदामने घमेल्यात बघितलं. त्याच्या हिशेबाने ते पाणी अगदी हलकं होतं, पातळ कापडाला मारतात तसं.

पण ते हलकं होतं जीन्सच्या हिशेबाने.

रिव्हेटचे पुढचे पाय त्याने त्यात धरले तेव्हा ती अशी किंचाळली की तीन घरं पलीकडून कुणीतरी विचारलं, "काय मारताय काय तिला?" विठाने दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं, छातीशी घेतलं आणि कानात बोलत राहिली, "झालं हां, झालं माझी बाय, झालं."

"झोंबतंय म्हणजे लागू पडतंय," सुदाम म्हणाला. दहा मिनिटं त्याने पाय तसेच धरून ठेवले. दुसऱ्या दिवशी परत दहा मिनिटं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पंजे तपकिरी झाले होते. बैलांचेही व्हायचे. पण बैलांचे खूर असे सुजले नव्हते, आणि गादीची कड अशी सुटून वर आली नव्हती. सुदामने बोट लावलं तर कडेखालून पाणी आलं. रिव्हेट ओरडली नाही. नुसती मागे सरकली, भिंतीला टेकेपर्यंत सरकली आणि तिथून त्याच्याकडे बघत राहिली.

टाकीत ॲसिड असतं हे सुदामला माहीत नव्हतं असं नाही. रोज डोळ्यांसमोर पडायचं. पण पीपी म्हणजे लाल पुडी, ही गाठ डोक्यात इतकी घट्ट बसलेली की ॲसिड आणि रिव्हेटचा पाय या दोन गोष्टी एकमेकींजवळ आल्याच नव्हत्या. आता आल्या.

डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. बदलापूरला जनावरांच्या एक डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत असं सुनंदाने सांगितलंही होतं. सुदाम घाबरला तो इथे. हे तपकिरी पंजे बघून बाई विचारणार, काय लावलं? आणि पाण्यात ॲसिड होतं हे विठा ऐकणार. पूर्ण आयुष्यात सुदामने जिला एकदाही "मला जमत नाही" असं म्हटलं नव्हतं ती विठा.

आणि मग त्याने ते केलं, जे फक्त जीन्सवाल्याच्याच डोक्यात येईल. पीपीचा डाग मेटाने जातो. संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा विठा पाणी भरायला नळावर गेली होती. सुदामने शेडवरून आणलेली मेटाची पुडी खिशातून काढली, तांब्यात कालवली आणि तपकिरी पंज्यांवर ओतली.

डाग गेला. वीस वर्षांत कधी चुकलं नव्हतं, इथेही चुकलं नाही. तपकिरी उडाली आणि खालून पंजे पांढरेफटक निघाले, पाण्यात फार वेळ राहिलेल्या माणसाच्या बोटांसारखे. घरभर गंधकासारखा वास पसरला. रिव्हेटच्या तोंडून जो आवाज आला तो कुत्र्याचा वाटला नाही.

विठा हंडा घेऊन आली. "काय झालं?"

"काय नाय. पाय धुतले."

"वास कसला येतोय?"

"औषधाचा."

ती "बरं" म्हणाली. तिने त्याच्यावर विश्वास ठेवला. सुदामला पुढे कितीतरी दिवस त्या "बरं"चाच त्रास होत राहिला.

दुसऱ्या दिवशी रिक्षावाले कुत्र्याला घेईनात. तिसऱ्याने घेतलं, तेही रिव्हेटला चादरीत गुंडाळून पोरासारखं मांडीवर धरल्यावर. विठाला सुदामने घरीच ठेवलं होतं. उन्हात फिट यायची, हे कारण खरंही होतं.

डॉक्टर प्रीती तिशीच्या होत्या. त्यांनी पंजा हातात घेतला, चष्मा वर केला आणि बोटं एकेक करून बघितली.

"काका, काय लावलंत हिला?"

"हळद," सुदाम म्हणाला. "खोबरेलात."

"आणखी काही?"

"नाय."

"हे बोटांवरचे केस बघा. काळे होते ना? गंजल्यासारखे झालेत. आणि ही कातडी उन्हाने भाजल्यासारखी नाही वाटत मला." त्यांनी मान वर केली. "कुठल्या केमिकलच्या पाण्यातून चालली का ही? या महिन्यातलं हे चौथं कुत्रं माझ्याकडे आलंय. बाकीची तीन त्या माळाकडच्या ओढ्याजवळची. कुणीतरी काहीतरी सोडतंय तिथे. मला कळायला हवंय कोण ते."

माळाकडचा ओढा शेडच्या मागूनच जात होता. शेडमध्ये चाळीस माणसं होती. राजू होता, ज्याने विठाच्या आजारपणात त्याच्या पाळ्या स्वतः केल्या होत्या.

"आम्ही तिकडं राहात नाय मॅडम," तो म्हणाला. "नुसतं ऊन लागलं तिला."

डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं. मग जखम पुसली, मलम लावलं, दोन्ही पायांना पट्ट्या बांधल्या, इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या. "चार दिवसांनी आणा. मला काही समजलं नाहीये, हे तुम्हाला सांगून ठेवते. जे दिसतंय त्यावर औषध दिलंय."

पट्टी बांधलेले पाय पांढरे स्वच्छ दिसत होते. विठाला बरं वाटलं. तिने सुनंदाला बोलावून दाखवले. "आता बघा चार दिवसांत धावेल."

"धावू दे बाई," सुनंदा म्हणाली, "माझं दार वाट बघतंय तिची."

पट्टीच्या आत काय चाललंय ते सुदामला रात्रंदिवस दिसत होतं. शेडमध्ये बंदूक हातात घेतली की हात थांबायचा. राजू म्हणाला, "मामा, काय झालंय? तीन पीस डाग पडले तुमच्याकडून. तुमच्याकडून!" सुदामला वाटलं सांगावं. पण काय सांगायचं? आणि सांगून पट्टीच्या आतलं थोडंच थांबणार होतं?

तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता सुनंदाचा फोन आला.

"भाऊजी, लवकर या. वहिनी पडल्यात."

तो कसा आला ते त्याचं त्यालाच आठवत नव्हतं. विठा पलंगावर होती, कपाळाला फडकं बांधलेलं, डोळे उघडे पण अजून पूर्ण परतलेले नव्हते. ओठावर रक्त वाळलं होतं. सुनंदा तिचे तळवे चोळत होती आणि रडत होती.

"मी घरातच होते हो. टीव्ही लावला होता. रिव्हेट भुंकत होती, मला ऐकू येत होतं. पण चार दिवस ती कण्हतेच आहे ना सारखी, वाटलं दुखत असेल. मी उठले नाही भाऊजी. दार वाजलं नाही, म्हणून मी उठलेच नाही."

"किती वेळ?"

"माहीत नाही. आवाज पार बसला तेव्हा मी आले."

सुदामने खाली बघितलं. रिव्हेट उंबऱ्याला टेकून पडली होती. कोपऱ्यातल्या तिच्या गोणपाटापासून उंबऱ्यापर्यंत फरशीवर रक्ताचा ओला पट्टा होता. उंबरा चार बोटं उंच. तो काही तिला चढता आला नव्हता. एक पट्टी सुटून मागे राहिली होती आणि उघड्या पंज्याची दोन बोटं काळी पडली होती.

तो तिच्यापाशी बसला. हात पुढे केला. रिव्हेटचा आवाज राहिला नव्हता, तरी तिने दात दाखवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात गेले. या वेळी विठाने ऐकलं नाही. "मी येणार," एवढंच म्हणाली. कपाळावर रात्री घातलेले टाके, तोंड सुजलेलं, रिक्षात रिव्हेटचं डोकं तिच्या मांडीवर.

डॉक्टर प्रीतींनी दुसरी पट्टी सोडली आणि मदतनिसाला दिवा जवळ आणायला सांगितलं.

"ही दोन बोटं गेलीत काका," त्या म्हणाल्या. "कापावी लागतील. आणि हे असंच वर सरकत राहिलं तर पाय. दोन्ही पुढचे पाय गेले तर कुत्र्याला जगवत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेल. मी जे औषध देतेय ते लागू पडत नाहीये. मला परत एकदा सांगा, काय लावलं होतं."

"अहो," विठा म्हणाली, जिभेला जखम होती म्हणून अडखळत, "ते लाल पुडीचं सांगितलंत ना मॅडमना?"

डॉक्टरांनी विठाकडे बघितलं. "लाल पुडी? पोटॅशियमची? मेडिकलमधून आणलीत?"

उत्तर तयार होतं. नुसतं हो म्हणायचं. मेडिकलमधून आणली मॅडम, जरा जास्त पडली. म्हातारा माणूस, अडाणी माणूस, चूक झाली. शेड वाचली असती, चाळीस माणसं वाचली असती, विठाच्या नजरेत तो थोडासाच खाली आला असता. सुदामने तोंड उघडलं तेव्हा तो तेच बोलणार होता.

रिव्हेट टेबलावर आडवी होती. भुलीच्या औषधाने तिचे डोळे अर्धे मिटले होते, आणि ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

"मेडिकलची नाय मॅडम," तो म्हणाला. "आमच्या टाकीतली. मी जीन्सला स्प्रे मारतो. पीपी. त्यात ॲसिड असतं. दोन दिवस बुडवले पाय, दहा दहा मिनिटं."

डॉक्टरांनी दिवा आणखी जवळ ओढला.

"आणि नंतर मेटा ओतला."

"मेटा कशाला?"

"डाग जायला. तुम्हाला दिसू नये म्हणून."

विठाने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. पुडीचं तिला माहीत होतं. ॲसिडचं आणि मेटाचं नव्हतं.

"कुठलं युनिट ते मी आत्ता विचारत नाही," डॉक्टर शेवटी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "कुठलं ॲसिड, किती, ते सांगा. आठवून सांगा." त्याने सांगितलं. त्यांनी नळ सोडला, पाय धारेखाली धरायला सांगितले आणि घड्याळ बघितलं. खूप वेळ नुसतं पाणी वाहत राहिलं. "काका, उन्हाचे फोड होते ते. मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन घरात ठेवलं असतंत तर आठ दिवसांत ही चालली असती. पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतंत तरी ही बोटं राहिली असती."

"हो मॅडम."

"तुम्ही हो म्हणताय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हातमोजे चढवले.

उजव्या पायाची दोन बोटं काढली. बाकीचं त्या म्हणाल्या ते असं: तीन आठवडे. गादीची कातडी परत धरते का ते जखमच सांगेल. धरली नाही तर ती या पायांवर उभी राहणार नाही, आणि मग आपल्याला बसून बोलावं लागेल.

रिक्षात विठा बाहेर बघत बसली होती. बदलापूर मागे पडलं. अंबरनाथच्या कमानीजवळ रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा ती म्हणाली, "तोंड मी धरलं होतं तिचं."

तो शेडवर गेला तो काम सोडायलाच. राजूला त्याने सगळं सांगितलं, डॉक्टरसमोर काय बोलला तेही.

"नाव सांगितलं?"

"नाय. पण विचारलं तर सांगीन."

राजूने कपाळावर हात मारला. "मामा, तुम्हाला माहितीये काय बोलताय? शेठला कळलं तर... कुत्र्यासाठी?"

"तुझ्या मामीला कोण बघणार, राजू? मी सकाळी निघतो तो अंधारात येतो. जी बघत होती तिचे पाय मी जाळले."

राजूने कोपऱ्यातल्या तयार मालाकडे बघितलं. मग म्हणाला, "धागा कटिंगचा माल घरी देतात. बायका करतात. चालेल?"

शिवून झालेल्या जीन्सचे लोंबते दोरे कात्रीने कापायचे, नगावर. चाळीतल्या निम्म्या बायका ते काम करायच्या. त्या दिवसापासून सुदामही गठ्ठा घेऊन दारात बसायला लागला. जाणारे येणारे बघायचे. कुणी म्हणालं, "काय पष्टे, आता बांगड्या भरा." सुनंदाने त्याला झापलं, "तुझ्या बायकोला चक्कर आली तर तू बसशील का घरात? चल नीघ." सुदाम मान वर न करता दोरे कापत राहायचा. आतल्या खोलीत विठाचं भांडं पडलं तरी त्याची कात्री थांबायची.

रिव्हेट त्याला जवळ येऊ देत नव्हती. त्याच्या कपड्यांना, नखांना अजून तो वास असावा. त्याने तीनदा साबण बदलला. तो खोलीत शिरला की ती भिंतीकडे तोंड करायची. पट्टी रोज बदलायची होती. ती विठाच करायची, आणि सुदामने तेवढा वेळ बाहेर जायचं, असं न ठरवताच ठरलं होतं. विठा त्याच्याशी कामापुरतं बोलायची. जेवण वाढलंय. गोळी संपली. एवढंच.

दहाव्या दिवशी सकाळी विठाला उठल्यापासून कसंतरी होत होतं. फिट आली नाही, पण हात थरथरत होते. सुनंदा तिच्या माहेरी कल्याणला गेली होती. सुदाम दारात दोरे कापत होता. आत पट्टी सोडल्याचा आवाज आला, मग भांड्यातलं पाणी सांडल्याचा, मग काहीच नाही.

"अहो," विठाने हाक मारली.

तो दारातच थांबला.

"मला एका हाताने पाय धरून दुसऱ्याने ओतता येत नाही. हात थांबत नाहीये. पाणी घ्या. चुलीपाशी गार करत ठेवलंय ते. मीठ घातलंय."

त्याने तांब्या आणला. रिव्हेटने त्याला बघितलं आणि तिच्या गळ्यातून बारीक घरघर सुरू झाली. विठाने तिचं तोंड धरलं नाही. पाय तेवढा हातात घेतला, तळव्यावर तळवा ठेवावा तसा, आणि दुसरा हात तिच्या मानेवर नुसता टेकवून ठेवला.

"तिथूनच ओता. बारीक धार. पुढं येऊ नका."

सुदाम उकिडवा बसला, हात लांब करून. धार पंज्यावर पडली. रिव्हेटचं सगळं अंग ताठ झालं. ती पाण्याकडे बघत नव्हती, त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि घरघर चालू होती. पण पाय तिने ओढून घेतला नाही.

जखम लालभडक होती. जिथे बोटं होती तिथे टाक्यांच्या काळ्या गाठी. आणि मोठ्या गादीच्या कडेला, दोऱ्याएवढ्या जाडीचं, फिकट काहीतरी दिसत होतं. दोघंही वाकून बघायला लागले. नवी कातडी होती की पू, ते कळेना.

"पू असेल का?" सुदामने विचारलं.

"मला कसं कळणार," विठा म्हणाली. "उद्या मॅडम बघतील."

तांब्या रिकामा होत आला. त्याने तो वर उचलला.

"अजून," विठा म्हणाली.